‘माळेगाव’ म्हणजे कोणते माळेगाव?

एकच प्रश्न शोधयंत्राला, म्हणजे गूगलसारख्या सर्च इंजिनाला, पुण्यातून विचारला आणि पणदऱ्यातून विचारला, तर उत्तर एकच येईल का? ‘नाही’ असे आपण चटकन सांगतो. पुण्यातल्या नातेवाइकाला फोन करायचा, दोन्हीकडच्या याद्या ताडून पाहायच्या आणि फरक दिसला की ‘जागेनुसार उत्तर बदलते’ असे म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली नेहमीची पद्धत. वैज्ञानिक दृष्टीने मात्र एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग काय केले म्हणजे सिद्ध होईल?

या प्रश्नाचा नीट विचार केलेला एक शोधनिबंध 2015 साली प्रसिद्ध झाला. ‘लोकेशन, लोकेशन, लोकेशन’ अशा शब्दांनी त्याचे शीर्षक सुरू होते. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील क्रिस्टो विल्सन, ॲलन मिस्लोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 240 प्रश्न निवडले. अमेरिकेतील 59 ठिकाणांहून ते गूगलला विचारल्यासारखे केले आणि 30 दिवस निकाल गोळा केले. त्यासाठी त्यांना प्रवास करावा लागला नाही. संगणकाने आपले अक्षांश-रेखांश म्हणून हवे ते आकडे यंत्राला कळवावेत, अशी सोय त्यांनी केली. ठिकाणेही विचारपूर्वक निवडली होती. काही एकाच काउंटीतली (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), काही एकाच राज्यातली, तर काही देशभर विखुरलेली.

या प्रयोगाचा खरा गुण त्याच्या नियंत्रणात आहे. ऊसपट्ट्यातल्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एका वाफ्याला नवे खत दिले, शेजारच्याला दिले नाही आणि उत्पन्नात फरक पडला, तर तो खताचाच कशावरून? दोन वाफ्यांना अगदी सारखी वागणूक दिली तरी त्यांच्या उत्पन्नात थोडाफार फरक पडतोच. तो आधी मोजावा लागतो. या संशोधकांनी तेच केले. प्रत्येक प्रश्न त्यांनी एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, दोनदा विचारला. तेव्हाही याद्या थोड्या वेगळ्या आल्या! यंत्राची ही स्वतःची चलबिचल. जागा बदलल्यावर दिसणारा फरक तिच्यापेक्षा जास्त असेल, तरच तो जागेमुळे पडला असे म्हणता येते.

फरक मोजायचा कसा? त्यासाठी वापरलेले एक माप आपल्या वर्गातल्या संचांच्या धड्यातलेच आहे. दोन्ही याद्यांत समान असलेल्या निकालांच्या संख्येला, दोन्ही मिळून होणाऱ्या वेगवेगळ्या निकालांच्या संख्येने भागायचे. समजा, दहा-दहा निकालांच्या दोन याद्या आहेत आणि त्यांत 8 निकाल समान आहेत. मग एकूण वेगवेगळे निकाल 12 आणि गुणांक 8/12, म्हणजे सुमारे 0.67. याद्या तंतोतंत जुळल्या तर 1, काहीच जुळले नाही तर 0. पॉल झाकार या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्स पर्वतातील निरनिराळ्या जागांच्या वनस्पतींची तुलना करण्यासाठी हे माप वापरले होते. (निकालांचा क्रम किती बदलला हे मोजायला संशोधकांनी आणखी एक माप घेतले होते.)

निष्कर्ष असा निघाला. अंतर वाढते तसा फरक वाढतो. पण तो प्रश्नावर फार अवलंबून असतो. शाळा, दवाखाना, बँक अशा स्थानिक गोष्टी विचारल्या तर एका पानावरचे चार-पाच निकाल बदलतात. सर्वसाधारण विषयांवरच्या प्रश्नांत जागेमुळे जवळजवळ काहीच बदलत नाही.

काम चोख आहे यात शंका नाही. तरी शिक्षकाच्या नजरेने पाहता त्यात एक मोठी उणीव राहते. हा प्रयोग फरक मोजतो, योग्यता मोजत नाही. दोन्ही ठिकाणी एकच चुकीची यादी आली तरी गुणांक 1 येणारच.

पणदऱ्याचे उदाहरण घेऊ. बारामतीहून नीरेकडे जाताना आधी माळेगाव बुद्रुक लागते, मग पणदरे. इथल्या मुलाच्या लेखी माळेगाव म्हणजे शेजारचे, सहकारी साखर कारखान्याचे माळेगाव. पण नाशिक जिल्ह्यात मोसम नदीकाठी यंत्रमागांचे मोठे मालेगाव आहे, वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुका आहे आणि नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव आहे. लिहिताना ‘ळ’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते आणि रोमन लिपीत तर भेदच उरत नाही. इंदापूरचेही तसेच. एक आपले पुणे जिल्ह्यातले, दुसरे रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावरचे. ‘माझा परिसर’ या प्रकल्पासाठी मुलाने नुसते ‘माळेगाव’ शोधले आणि यंत्राने मोठ्या गावाला झुकते माप दिले, तर वहीत मोसम नदी आणि यंत्रमाग उतरतील. अशा वेळी पुण्यातून आणि पणदऱ्यातून एकच यादी येणे हा गुण नव्हे, दोष आहे. समान नावांची ही अडचण त्या संशोधकांनाही जाणवली होती. राजकारणी व्यक्तींच्या नावांपैकी ज्या नावांची माणसे पुष्कळ, त्यांचे निकाल जागेनुसार जास्त बदलले. पण हा धागा त्यांनी पुढे नेला नाही.

म्हणून मोजण्याआधी प्रश्नांची वर्गवारी करायला हवी. सूर्योदयाची वेळ, बाजारभाव, जवळचा दवाखाना यांची उत्तरे जागेनुसार बदललीच पाहिजेत. प्रकाशाच्या वेगाचे उत्तर बदलता कामा नये. काही प्रश्नांत दोन्ही अंगे असतात. साप चावल्यावर काय करावे आणि काय करू नये हे सगळीकडे सारखेच, पण प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळेल हे गावागणिक वेगळे. शिवाय जिथे उत्तर एकच असावे असे आपल्याला वाटते, तिथेही ते बदललेले आढळते. गूगलच्या नकाशात काश्मीरची सीमा भारतातून पाहताना अखंड रेषेने दिसते, परदेशातून पाहताना तुटक रेषेने. भूगोलाच्या शिक्षकांनी हे मुलांना अवश्य सांगावे.

दुसरी मर्यादा अशी की प्रयोगात यंत्राला नेमके अक्षांश-रेखांश दिलेले होते. शाळेच्या संगणकाला बहुधा ती सोय नसते. तेव्हा यंत्र इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून जागेचा अंदाज बांधते आणि तो दूरच्या शहराचा निघू शकतो. पत्त्यातला ‘डॉट को डॉट इन’ बदलून दुसऱ्या देशाचे निकाल पाहण्याची जुनी युक्तीही ऑक्टोबर 2017 पासून चालत नाही. गूगल तेव्हापासून पत्त्याचे शेपूट न पाहता वापरणाऱ्याची जागा पाहते. आणि 2024 पासून भारतातही काही प्रश्नांना यादीच्या वर यंत्राने रचलेला सारांश येऊ लागला आहे. यादीत निदान दोन-तीन मालेगावे शेजारी दिसण्याची शक्यता असते. सारांशात एकच निवडले गेले, तर दुसरे आहे हे मुलाला कळणारच नाही.

हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गाला सहज करता येईल. दोन फोन शाळेतच शेजारी ठेवा, तिसरा बारामतीत, चौथा पुण्यात. चौघांनी ठरल्या मिनिटाला, अक्षरन् अक्षर सारखा प्रश्न टाकावा. खात्यातून बाहेर पडावे आणि खाजगी खिडकी उघडावी. मात्र तिने जुना इतिहास बाजूला राहतो, जागा लपत नाही, हे मुलांना सांगावे. पहिले दहा निकाल उतरवून गुणांक काढावेत. शेजारच्या दोन फोनांचा गुणांक हे आपले नियंत्रण.

तक्त्यात आणखी एक रकाना ठेवावा, ‘आपल्याला हवे असलेले उत्तर’. तो शोध घेण्यापूर्वीच भरायचा. ‘माळेगाव’च्या पुढे मुले काय लिहितात ते पाहा. बहुतेकांना तिथे तालुका आणि जिल्हा लिहावा लागेल, आणि मग प्रश्नातही तो घालायला हवा होता हे त्यांचे त्यांनाच उमगेल.