‘अकालिको’तील काल

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील विहारांत पौर्णिमेला उपासक-उपासिका धम्माचे सहा गुण एका दमात म्हणतात. त्यांतील तिसरा गुण ‘अकालिको’. वंदनेच्या पुस्तिकांत त्याचा अर्थ कुठे ‘तात्काळ फळ देणारा’, तर कुठे ‘कालातीत’ वा ‘त्रिकालाबाधित’ असा छापलेला आढळतो. दोन्ही अर्थ जणू एकच, अशा समजुतीने आपण पुढे जातो. आमच्या मते ते एक नाहीत. आणि दुसरा अर्थ बौद्धांना परवडणारा नाही.

मुळात ‘काल’ हा शब्दच फसवा आहे. रोमन लिपीत त्याच चार अक्षरांनी लिहिला जाणारा शब्द एस्टोनियन भाषेत ‘मासा’ या अर्थी येतो. त्याचे कूळ फिन्निश भाषेशी जुळते, आपल्या काळाशी नव्हे. इंडोनेशियन ‘काला’ म्हणजे वेळ. तो मात्र संस्कृतातून समुद्रापार गेला. पालीत ‘काल’ म्हणजे समय, तर ‘काळ’ म्हणजे काळा रंग. कल्याणच्या काळ्या तलावाची रोमन अक्षरांतील पाटी वाचून एखादा एस्टोनियन गृहस्थ तो माशांचा तलाव समजला, तर आपण हसू. परंतु ओळखीच्या ध्वनीने आपलीही फसगत होतेच. मराठीत ‘अकाली’ म्हणजे अवेळी. अकाली निधन आपण रोज वाचतो. शीख परंपरेत ‘अकाल’ हे कालातीत परमेश्वराचे नाव आहे. तेथे तो अर्थ शोभतो, कारण तेथे ईश्वर आहे.

‘न काल’ या व्युत्पत्तीतून दोन्ही अर्थ निघू शकतात, हे मान्य. म्हणून निर्णय सुत्तातील प्रयोगावरून करावा लागतो. संयुत्त निकायातील समिद्धि सुत्त या दृष्टीने मोलाचे आहे. राजगृहाच्या तपोदा येथे पहाटे स्नान करून अंग सुकवीत उभ्या असलेल्या तरुण समिद्धीला एक देवता म्हणते, डोळ्यांसमोरचे सुख सोडून ‘कालिक’ लाभामागे का धावतोस? समिद्धी तिचे म्हणणे उलटवतो: कालिक ते कामभोग, धम्म प्रत्यक्ष आणि अकालिक आहे. येथे ‘कालिक’ म्हणजे ज्याच्या फळासाठी थांबावे लागते ते. त्याचा विरुद्धार्थ ‘विनाविलंब’ हाच होतो. ‘शाश्वत’ घातला तर संवादच निरर्थक ठरतो. त्याच सुत्तात ‘काल’ मृत्यूच्या अर्थानेही येतो. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो श्लेष समजावून सांगावा लागत नाही. आचार्य बुद्धघोषांनीही ‘विसुद्धिमग्गा’त हाच धागा धरला आहे: मार्ग आणि त्याचे फळ यांच्यात काळाचे अंतर नाही, म्हणून अकालिक.

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. ‘त्रिकालाबाधित’ म्हणताच धम्म सनातन होतो. ज्या बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात सनातन असे काही नाही, याचा विचार करण्यास हिंदूंना बजावले, त्यांच्याच अनुयायांनी वंदनेत ते विशेषण धम्माला लावावे? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सर्व संस्कार अनित्य मानणे हा धम्म, आणि धर्मग्रंथ प्रमादातीत मानणे हा अधम्म म्हटला आहे. शिवाय ‘अकालिको’नंतर लगेच ‘एहिपस्सिको’ येतो. या आणि पाहा, असे ज्याच्याविषयी म्हणता येते, त्याचे फळ पुढच्या जन्मावर ढकललेले असून चालत नाही. दलितांना पुढच्या जन्माची आश्वासने पुष्कळ मिळाली होती.

एक अडचण उरते. ‘तात्काळ’ या प्रतिशब्दातही ‘काळ’ दडलेला आहेच, आणि कल्याण स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर रांग लावणाऱ्यांना ‘तत्काल’ म्हटले की जादा पैसे आठवतात. नव्या आवृत्तीत ‘विनाविलंब फळ देणारा’ असे छापावे, आणि ‘कालातीत’ गाळावे, एवढी आमची सूचना आहे.