‘निर्वातातील त्वरण’ : एका संज्ञेचे परीक्षण

लेसरच्या विद्युत्क्षेत्राने निर्वातात इलेक्ट्रॉनांना त्वरण देता येते काय, या प्रश्नाच्या चर्चेत दोन परस्परविरोधी विधाने वारंवार आढळतात. एक असे की, लॉसन-वुडवर्ड प्रमेयाने ही गोष्ट अशक्य ठरविली आहे; दुसरे असे की, प्रयोगांनी ते प्रमेय खोटे पाडले आहे. आमच्या मते दोन्ही विधाने सदोष असून, त्या दोषाचे मूळ ‘निर्वात’ या शब्दाच्या शिथिल वापरात आहे.

प्रमेयाचा गाभा साधा आहे. निर्वातातील लेसर झोत हा सपाट तरंगांचा समुच्चय होय. इलेक्ट्रॉनच्या मार्गावर मोजलेला प्रत्येक तरंगाचा कलावेग प्रकाशवेगाइतका किंवा त्याहून अधिक असतो. इलेक्ट्रॉनचा वेग मात्र सदैव त्याहून कमी. परिणामी तरंग इलेक्ट्रॉनला मागे टाकतो आणि अर्ध्या आवर्तनात दिलेली ऊर्जा पुढील अर्ध्यात परत घेतो. तथापि या निष्कर्षाला अटी आहेत : मार्ग सरळ व वेग जवळजवळ स्थिर असावा, स्थिर क्षेत्रे नसावीत, जवळपास कोणताही पृष्ठभाग नसावा, परस्परक्रिया दोन्ही बाजूंस अमर्याद असावी, आणि क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असणारे परिणाम नगण्य असावेत.

१९९७ साली फ्रान्समधील माल्का व सहकाऱ्यांनी तीव्र लेसरने निर्वातात इलेक्ट्रॉनांना सुमारे ९ लक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळाल्याचे प्रसिद्ध केले. येथे शेवटची अट मोडली होती. परंतु त्यांच्या विवेचनावर १९९८ साली मोरा व केनेल यांनी घेतलेला आक्षेप मूलगामी होता. निर्वातात विद्युत्क्षेत्राचे अपसरण शून्य असते. म्हणून केंद्रित झोताला प्रसरणदिशेतील घटक असलाच पाहिजे. तो वगळून केलेले गणित मॅक्सवेलच्या समीकरणांशीच विसंगत ठरते.

२००५ साली स्टॅनफर्ड येथे प्लेटनर व सहकाऱ्यांनी ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने ३ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत सुमारे ३० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक घडविला. त्यांनी झोताच्या मार्गात सोन्याचा मुलामा दिलेली पातळ पट्टी ठेवून परस्परक्रिया एका बाजूस तोडली होती. हे प्रमेयाचे खंडन नव्हे, तर त्याचा अचूक उपयोग होय. २०१६ साली तेव्हने व सहकाऱ्यांनी घन पृष्ठभागावरील प्लाझ्मा-आरशातून निघालेले इलेक्ट्रॉन परावर्तित लेसर झोतात योग्य कलेवर सोडून सुमारे १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले. येथेही आरंभबिंदू निर्वातातील नसून पदार्थाचा आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. निर्वाताची थोरवी गाताना असे सांगितले जाते की, तेथे झिजणारा वा जळणारा पदार्थच नाही. परंतु पट्टी आणली की लेसरने होणाऱ्या तिच्या हानीची मर्यादाही मागील दाराने परत येते. म्हणून या विषयावरील प्रत्येक निबंधाने प्रमेयाची कोणती अट मोडली आणि त्याचे मोल काय पडले, हे आरंभीच सांगावे, अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही. विद्यार्थ्यांनीही असा निबंध वाचताना प्रथम हाच प्रश्न विचारावा. प्राप्त ऊर्जेचा आकडा त्यानंतर पाहावा.