परभाषेचा स्वर आणि कवीची प्रतिभा : इंग्रजी 'गीतांजली'च्या निमित्ताने

गेल्या काही वर्षांत भारतीय भाषांतील दोन ग्रंथांना आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाचा मान मिळाला. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधी' या हिंदी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादास, आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या निवडक कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या अनुवादास. या वार्तांनी आपल्या सर्वांसच आनंद झाला. परंतु त्या आनंदाबरोबर एक निष्कर्षही आपल्या वाङ्मयीन वर्तुळांत बोलला जाऊ लागला आहे. जगाने ऐकावे अशी इच्छा असेल तर इंग्रजीतच लिहावे, अनुवादकाची वाट कशाला पाहावी, असे आमचे कित्येक तरुण लेखक म्हणतात. आणि ज्यांच्या घरी मराठी, बाजारात कन्नड वा हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा आपल्या भागांतील हुशार मुलांना तर हा उपदेश थेट पालकांकडूनच मिळतो. प्रतिभा कोणत्या भाषेत वाढली आहे याचा विचार न करता, श्रोता कोणती भाषा जाणतो एवढ्यावरूनच लेखकाने आपला स्वर निवडावा काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा एका थोर उदाहरणाच्या आधारे शोधणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. ते उदाहरण म्हणजे रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली'.

या ग्रंथाचा इतिहास सुपरिचित असला, तरी त्यातील काही गोष्टी ध्यानी ठेवण्याजोग्या आहेत. मूळ बंगाली 'गीतांजली' १९१० साली प्रसिद्ध झाली. तीत १५७ गीते आहेत. १९१२ च्या वसंतात इंग्लंडची सफर आजारपणामुळे लांबली, तेव्हा पद्मेच्या काठी शिलाइदह येथे विश्रांती घेत असताना कवीने स्वतःच आपल्या काही गीतांचे इंग्रजी गद्यात रूपांतर आरंभिले. लंडनला पोचल्यावर ही वही चित्रकार विल्यम रोदेन्स्टाइन यांच्या हाती आणि त्यांच्याकडून कवी यीट्स यांच्या हाती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडिया सोसायटीने ७५० प्रतींची आवृत्ती काढली, मार्च १९१३ मध्ये मॅक्मिलन यांनी ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली, आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. हे इंग्रजी पुस्तक बंगाली 'गीतांजली'चा अनुवाद नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातील १०३ कवनांपैकी जवळजवळ निम्मीच त्या संग्रहातील आहेत. उरलेली 'नैवेद्य', 'खेया' इत्यादी संग्रहांतून आणि पुढे 'गीतिमाल्य'मध्ये समाविष्ट झालेल्या गीतांतून घेतलेली आहेत.

आता या रूपांतरात काय घडले ते पाहू. मूळ रचना बहुतांशी गेय आहेत. त्यांत छंद आहे, यमक आहे, ध्रुवपदाची पुनरावृत्ती आहे, आणि बंगाली माणसाच्या नित्याच्या बोलीचा जिवंतपणा आहे. इंग्रजीत हे सारे जाऊन त्या जागी एक संथ, लयबद्ध गद्य आले आणि त्यात बायबलाची आठवण करून देणारी जुनी सर्वनामे आली. हे गद्य सुंदर नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. यीट्ससारख्या चोखंदळ कवीला त्याने मोहित केले, यातच त्याचे सामर्थ्य दिसून येते. आमचा आक्षेप वेगळा आहे. दहा वर्षांच्या, अनेक वृत्तींच्या आणि अनेक छंदांच्या रचना येथे एकाच सुरात बोलू लागल्या. खेळकर कवी, उपरोधिक कवी, देशाच्या दुःखाने संतप्त होणारा कवी हे सर्व मागे सरले आणि पौर्वात्य संताची एक शांत मूर्ती तेवढी पुढे उरली. पश्चिमेस त्या वेळी अशाच मूर्तीची अपेक्षा होती.

याचे एक उदाहरण आम्हां शिक्षकांच्या नित्य परिचयातील आहे. मन जेथे भयमुक्त आहे अशा स्वर्गाची प्रार्थना करणारे इंग्रजी पुस्तकातील पस्तिसावे कवन कितीतरी शाळांत म्हटले जाते. मूळ कविता 'नैवेद्य' या १९०१ च्या संग्रहातील आहे. चौदा ओळींची ती रचना एकाच दीर्घ वाक्यासारखी चढत जाते आणि अखेरीस कवी विश्वपित्यापाशी जे मागणे मागतो ते सौम्य नाही. पित्याने आपल्याच हाताने निर्दय आघात करावा आणि त्या आघाताने भारताला त्या स्वर्गात जागे करावे, असे ते मागणे आहे. इंग्रजीत हा आघात नाहीसा झाला आहे. 'भारत' हे नाव जाऊन 'माझा देश' आला आहे. क्षुद्र आचारांनी ज्याचे शतखंड केले नाहीत अशा पौरुषाचा मुळातील उल्लेखही गळाला आहे, आणि त्या ठिकाणी सतत विस्तारणाऱ्या विचाराची व कृतीची एक सर्वमान्य होण्याजोगी ओळ आली आहे. मूळ कवितेतील कवी आपल्या देशबांधवांवर रागावलेला आहे; त्यांच्या निद्रेची त्याला लाज वाटते. इंग्रजीतील कवी जगातील कोणत्याही देशाच्या कोणत्याही सज्जनाला रुचेल अशी सदिच्छा व्यक्त करतो. या दोघांत थोर कोण हे सांगण्यास समीक्षकाची आवश्यकता नाही. आमची मुले मात्र त्या दुसऱ्या कवीलाच रवींद्रनाथ समजून प्रार्थना म्हणतात.

हा दोष अज्ञानातून घडला असे म्हणता येत नाही, कारण मूळ आणि रूपांतर ही दोन्ही एकाच हातची. स्वतः कवीला या गोष्टीची जाणीव होती. १९२१ साली एडवर्ड थॉम्प्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे, की भाषांतर करताना आपण अवघड जागा भीतीने टाळतो, त्यामुळे रचना गुळगुळीत आणि पातळ होतात, आणि पाश्चात्य वाचकांसमोर कवी म्हणून आपले खोटे चित्र उभे राहते. प्रतिभेचा मार्ग नेहमी अवघड जागेतूनच जातो. ती जागा श्रोत्याला कळणार नाही या शंकेने जो टाळतो, त्याच्यापाशी भाषा उरते आणि प्रतिभा मागे राहते.

पुढील इतिहास याहून उद्बोधक आहे. 'गीतांजली'च्या यशानंतर 'द गार्डनर', 'द क्रेसेंट मून', 'फ्रूट गॅदरिंग', 'स्ट्रे बर्ड्स' अशी इंग्रजी पुस्तके चार वर्षांच्या आत एकामागून एक निघाली. मागणी होती, पुरवठा झाला. परिणामी ज्या वेगाने कीर्ती चढली त्याच वेगाने ती इंग्लंडात ओसरली. १९३५ साली यीट्स यांनी रोदेन्स्टाइन यांना लिहिलेल्या पत्रात संतापाच्या भरात असा निर्णय दिला, की पहिली तीन चांगली पुस्तके निघाल्यावर थोर कवी असण्यापेक्षा इंग्रजी जाणणे रवींद्रनाथांना महत्त्वाचे वाटले आणि त्यांनी भावविवश कचरा बाहेर काढून आपली कीर्ती धुळीस मिळविली. कोणाही भारतीयाला इंग्रजी येत नाही, असेही ते त्याच भरात लिहून गेले. यातील दुसरे विधान उद्दाम आणि असत्य आहे. त्याची दखल घेण्याचे कारण नाही. पहिले विधान मात्र कठोर असले तरी विचारार्ह आहे. त्याच काळात, १९१६ साली, बंगालीत 'बलाका' प्रसिद्ध झाला आणि रवींद्रनाथांच्या छंदाने एक नवी झेप घेतली, हे यीट्सना कळण्याचा मार्गच नव्हता. कवी आपल्या भाषेत वाढत होता आणि परभाषेत झिजत होता. जगाने फक्त झीज पाहिली.

हानी येथेच थांबली नाही. आंद्रे जीद यांनी 'गीतांजली' फ्रेंचमध्ये आणली ती या इंग्रजीवरून. स्पॅनिशमध्ये सेनोबिया काम्प्रुबी आणि हुआन रामोन हिमेनेथ यांनी रवींद्रनाथ आणले तेही इंग्रजीवरूनच. कवीने स्वतः केलेल्या रूपांतरास मुळाचीच प्रतिष्ठा मिळते, मग मूळ शोधण्याची गरज कोणास वाटत नाही. १९८५ साली विल्यम रॅडिचे आणि १९९१ साली केतकी कुशारी डायसन यांचे, थेट बंगालीवरून केलेले अनुवाद आले, तेव्हा कोठे इंग्रजी वाचकास या कवीच्या छंदवैविध्याची आणि विनोदाची ओळख होऊ लागली. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी १९७० साली शांतिनिकेतनात जाऊन राहण्याचे कष्ट घेतले. रवींद्रनाथ इंग्रजीत सहज उपलब्ध असताना त्यांनी हे का केले, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. पोलिश कॉनरॅड इंग्रजीत थोर झाला, आयरिश बेकेटने फ्रेंच जवळ केली. आणि घरचेच उदाहरण घ्यायचे तर अरुण कोलटकरांची 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीतच अवतरली व पुढील वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. मग परभाषा प्रतिभेला मारक कशी? आमचे उत्तर असे, की परभाषा मारक नाही. श्रोत्याची मर्जी पाहून घेतलेला स्वर मारक आहे. बेकेटने फ्रेंच निवडली ती वाचक वाढावेत म्हणून नव्हे, इंग्रजीतील अलंकरणाचा मोह टाळावा म्हणून. 'जेजुरी' मुंबईतील कवींनीच चालविलेल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेने काढली. तीत भारतीय अध्यात्माची अपेक्षा करणाऱ्या वाचकाचे समाधान होईल असे काही नाही. देवळे पडकी आहेत, पुजारी व्यवहारी आहे, आणि कवी कोणासाठीही काही समजावून सांगत नाही. ती इंग्रजी कोलटकरांच्या मराठीइतकीच हट्टी आहे. उलट, तरुण मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८४९ साली मद्रासेत 'द कॅप्टिव्ह लेडी' हे इंग्रजी काव्य प्रसिद्ध केले ते इंग्रजी कवी म्हणून नाव व्हावे या आकांक्षेने. ते वाचून बेथून या इंग्रज गृहस्थानेच त्यांना आपली शक्ती मातृभाषेत लावण्याचा सल्ला दिला. बारा वर्षांनी 'मेघनादवध' आले आणि बंगाली काव्याचा प्रवाह पालटला. पहिल्या काव्याची आठवण आज दुसऱ्यामुळे राहिली आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन पारितोषिकांचा खरा अर्थ आता स्पष्ट व्हावा. बानू मुश्ताक यांनी तीन दशकांहून अधिक काळ कन्नडातच लिहिले. मडिकेरीच्या दीपा भास्ती यांनी त्यांतील बारा कथा निवडून इंग्रजीत आणल्या, आणि कन्नड-उर्दू शब्दांना तिरप्या अक्षरांत वेगळे काढून त्यांचे परकेपण दाखविण्याचे जाणूनबुजून टाळले. या पारितोषिकाची ५०,००० पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान विभागली जाते, हीही लक्षणीय गोष्ट. लेखिकेने आपली भाषा सोडली नाही आणि अनुवादिकेने अवघड जागा गाळल्या नाहीत. रवींद्रनाथांच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीवर आणि तीही आजारपणाच्या फावल्या वेळात येऊन पडली होती. वडोदऱ्यास जन्मलेल्या दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या अभंगांचे भाषांतर वर्षानुवर्षे घासून १९९१ साली 'सेज तुका' सिद्ध केले, त्यामागेही अशीच चिकाटी होती.

बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांत वावरत आलो आहोत. मराठी सोडून एकदम इंग्रजीत उडी घेण्याची घाई आपल्यालाच अधिक होते, आणि उत्तम अनुवादक घडविण्याची संधीही आपल्यालाच अधिक आहे. म्हणून आमच्या मते साहित्य अकादमीने अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर छापण्याचा आग्रह धरावा. आणि शिक्षकांनी वरच्या वर्गांत मराठीतून शेजारभाषेत व शेजारभाषेतून मराठीत अनुवादाचे नियमित पाठ घ्यावेत. ज्या मुलाला लिहिण्याची देणगी आहे त्याला जग कोणती भाषा ऐकते हे सांगण्याची घाई करू नये. आधी तो स्वतः कोणत्या भाषेत रागावतो, कोणत्या भाषेत थट्टा करतो, हे त्याला ओळखू द्यावे. आणि भयमुक्त मनाची ती प्रार्थना शिकविताना मुळातील आघाताची गोष्ट वर्गात एकदा अवश्य सांगावी.