पतीच्या चरित्रांत सांपडलेला ‘मी’

आत्मचरित्र लिहावयास बसणाऱ्या मनुष्याची एक मोठी अडचण असते. ज्याच्याविषयीं लिहावयाचें, तो त्याला फार परिचयाचा वाटतो. आणि परिचयाच्या वस्तूकडे आपण सहसा निरखून पाहत नाहीं. कर्त्या पुरुषांचीं कितीएक आत्मचरित्रें याच कारणानें फसतात. शेवटीं आपण जे झालों, तेच आरंभापासून होतों असें लेखक धरून चालतो. बालपणींच्या हट्टांतहि त्याला पुढील निश्चयाचें बीज दिसूं लागतें. अशा ग्रंथांत कर्तृत्वाची हकीकत मिळते, मनुष्य मिळत नाहीं.

मराठींत या दोषापासून मुक्त असलेल्या ग्रंथांपैकीं दोन स्त्रियांचे आहेत; आणि नवल असें कीं, त्या दोघींनींहि स्वतःचें चरित्र लिहावयाचें म्हणून लेखणी उचलली नव्हती. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें, तें न्यायमूर्तींच्या स्मरणार्थ. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चें मूळहि रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठीं मुलानें आईकडे मागितलेल्या आठवणींत आहे, १९३४ पासून तीं भागाभागांनीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. दोघींचींहि लग्नें अकराव्या वर्षाच्या सुमारास झालेलीं, आणि दोघींच्याहि आयुष्यांत शिक्षण आलें तें पतीच्या हातानें.

रमाबाईंचें पुस्तक प्रस्तुत लेखकानें तरुणपणीं वाचलें, तें न्यायमूर्तींची थोरवी पाहण्यासाठीं. लेखिका त्या वेळीं दिवा धरून उभी असल्यासारखी भासली. उजेड पडे तो दुसऱ्यावर. आज अनेक वाचकांना, विशेषतः भगिनींना, या पुस्तकाचा थोडा रागहि येतो. ‘या बाईला स्वतःचें असें कांहीं नव्हतेंच काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु दुसऱ्या वाचनांत निराळेंच लक्षांत येतें. पतीनें शिकवावें आणि घरांतील वडील स्त्रियांनीं त्याच शिकण्याबद्दल बोल लावावे, अशा कात्रींत ती मुलगी दिवस काढते. त्यांच्या धाकानें एकदां पतीच्या इच्छेबाहेर वागल्यावर पतीनें धरलेला अबोला, त्या रात्रीची तिची तगमग आणि मग मागितलेली क्षमा हें सर्व तिनें कांहीं न झांकतां लिहिलें आहे. जिला ‘मी’ नाहीं, तिला आपली भीति इतकी नेमकी आठवणार नाहीं.

मात्र एक उणीव मान्य केली पाहिजे. १९०१ सालीं न्यायमूर्ति गेले आणि पुस्तकहि तेथेंच थांबलें. पुस्तक निघण्याच्या आधींच पुण्यांत सेवासदनाचा भार उचलणाऱ्या रमाबाई त्यांत नाहींत. नांवांतील ‘आमच्या’ या शब्दानें स्वतःस जागा करून दिली खरी. पण जोडीदार गेल्यावर एकटीच्या वर्षांना तीच जागा द्यावी, असें लेखिकेस वाटलें नाहीं.

लक्ष्मीबाईंना ती वाटली. नाशिकजवळच्या जलालपुरास त्या वाढल्या, त्या घरांत वडिलांच्या सोवळ्यानें कहर केला होता. पुढें त्या स्वतःहि सोवळें पाळूं लागल्या. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां त्या त्यांच्यामागें गेल्या नाहींत. कांहीं वर्षें निराळ्या राहिल्या. पुढें पतीकडे परतल्या, त्याहि आपला आचार संभाळूनच. जातिभेद मनुष्यानेंच निर्माण केला आहे, या निर्णयास त्या स्वतःच्या विचारानें आल्या, आणि मगच धर्मांतर केलें.

या ग्रंथाच्या विनोदाची स्तुति पुष्कळ झाली आहे. त्या विनोदाचें काम काय, हें मात्र क्वचित् सांगितलें जातें. सोवळें टाकलेली वृद्धा सोवळें पाळणाऱ्या तरुणीचें चित्र काढीत आहे. पण तिला ना त्या तरुणीची लाज, ना तिचा अभिमान. एखाद्या हट्टी नातलगाविषयीं बोलावें, तशी ती आपल्याच पूर्वीच्या रूपाविषयीं बोलते. लहरी, उदार, शीघ्रकोपी पतीला ती हसते, तितक्याच मोकळेपणानें स्वतःलाहि हसते. मागच्या ‘मी’स आजच्या मतांचीं वस्त्रें न चढवितां त्याला ओळखणें, ही आत्मज्ञानाची खरी कसोटी होय, आणि तिला हें पुस्तक पुरेपूर उतरतें. रमाबाईंच्या ठायीं हा प्रामाणिकपणा आहे. हें हसूं नाहीं. दोघींत तफावत आहे ती एवढीच, पण ती लहान नाहीं.

डोळे मिटून ‘मी कोण’ असा जप केल्यानें स्वतःची ओळख पटेलच, असें नाहीं. ज्याच्या संगतींत आयुष्य गेलें, त्याच्याविषयीं खरें सांगावयाचा प्रयत्न केला कीं, सांगणाऱ्याचें तोंडहि हळूहळू उजेडांत येतें. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांना कोणी त्यांच्या आयुष्याविषयीं विचारलें, तर त्याहि बहुधा पतीपासूनच आरंभ करतील. त्यांना मध्येंच अडवूं नये. प्रस्तुत लेखकाच्या आजीनें असाच अनेकदां आरंभ केला होता. आजोबांची ती गोष्ट आम्हांस पाठ आहे, म्हणून आम्ही दरवेळीं उठून गेलों. त्या गोष्टींत तिची स्वतःची किती होती, हें आतां कधींच कळणार नाहीं.