‘जन’, ‘आरोग्य’ आणि ‘कुटुंब’ : एका योजनेच्या परिभाषेचे परीक्षण

महाराष्ट्र शासनाची १९९७ ची ‘जीवनदायी आरोग्य योजना’ २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने नव्या स्वरूपात आली आणि २०१७ मध्ये ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना’ झाली. या नामांतरात एक अर्थांतरही आहे. ‘जीवनदायी’ हे पद कार्याचा निर्देश करते, तर ‘जन’ हे पद हक्कदाराचा. मात्र त्या वेळी हा ‘जन’ प्रामुख्याने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरताच होता. राज्यातील सर्व रहिवाशांना सामावून घेण्याचा आणि प्रतिकुटुंब वार्षिक मर्यादा पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे शब्द आधी विस्तारला, निर्णय सहा वर्षांनी त्याच्यापर्यंत पोहोचला.

‘जन’ या पदाची अतिव्याप्ती अशा रीतीने दूर झाली; ‘आरोग्य’ या पदाची मात्र कायम आहे. योजनेत येतात ते यादीतील ठरावीक उपचार, आणि तेही बहुतांशी रुग्णालयातील. इंदापूर तालुक्यातील मधुमेही शेतमजुराला लागते ती रोजची गोळी. ती शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळावी हा ऑगस्ट २०२३ चा निर्णय निराळा आहे. खासगी दवाखान्यात ती स्वतःच्या मजुरीतूनच घ्यावी लागते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचा भार योजना उचलते; ते वाचवणारी गोळी तिच्या कक्षेत येत नाही. याला ‘आरोग्य’ म्हणणे शब्दावर अन्याय करणे होय.

‘कुटुंब’ हे पदही तपासण्याजोगे आहे. गळीत हंगामात बीडकडून इंदापूरच्या फडात येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. योजनेचे ‘कुटुंब’ म्हणजे सामान्यतः एका शिधापत्रिकेवरील नावे. विवाहित मुलाचा कोयता निराळा असतो, उचल निराळी असते; परंतु नाव बापाच्या पत्रिकेवर राहिले असेल, तर पाच लाखांची मर्यादा दोघांत सामाईक ठरते. श्रमाच्या हिशेबात दोन असलेले घटक उपचाराच्या हिशेबात एक होतात.

परिभाषेतील हे दोष केवळ कोशकाराच्या चिंतेचे नव्हेत. त्यांवर रुग्णाचा निर्णय अवलंबून असतो. नाव संकुचित करून ‘रुग्णालयीन उपचार योजना’ म्हणणे तर्कशुद्ध ठरेल. परंतु नावाला साजेसा आशय वाढवणे, आणि रोजच्या औषधापासून आरंभ करणे, हेच अधिक न्याय्य होय.