परतीचे दोर : अतिउंच गिर्यारोहणविषयक लेखनातील जीवरक्षण आणि नैतिक निवड

प्रस्तावना

'परतीचे दोर कापणे' हा मराठीतील गौरवाचा वाक्प्रचार आहे. १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडल्यानंतर सूर्याजीने दोर कापून टाकले आणि माघार घेणाऱ्या मावळ्यांना पुन्हा लढावयास लावले, ही कथा मराठी मनावर शालेय वयातच बिंबते. नांदेड-लातूर परिसरातील कंधार, औसा, उदगीर हे किल्ले भुईकोट आहेत. त्यामुळे कड्यावरील शौर्याचा परिचय येथील विद्यार्थ्यास प्रामुख्याने अशा कथांमधूनच होतो. एव्हरेस्ट मोहिमांचे आपल्याकडील वृत्तान्तही जिद्द, झुंज, विजय अशा युद्धाच्या परिभाषेत लिहिले जातात. आठ हजार मीटरवरील नैतिक प्रश्न समजून घेण्यास ही परिभाषा पुरेशी आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परतीची वेळ आणि दोन निवेदने

आठ हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर प्राणवायू इतका विरळ असतो की शरीर हळूहळू खचत जाते आणि निर्णयशक्तीही मंदावते. म्हणूनच ठरावीक वेळेपर्यंत शिखर गाठता आले नाही तर तेथूनच परत फिरावे, असा दंडक असतो. निर्णय बुद्धी शाबूत असताना आधीच घेऊन ठेवावयाचा, हे या दंडकामागील तत्त्व होय.

मे १९९६ मधील दुर्घटनेत हाच दंडक मोडला गेला. न्यूझीलंडचे मार्गदर्शक रॉब हॉल यांनी डग हॅन्सन या आरोहकास १९९५ मध्ये शिखराच्या अगदी जवळून परत फिरविले होते. १९९६ मध्ये ते ठरलेली वेळ उलटल्यावरही त्याच्यासाठी थांबले आणि दोघेही परतले नाहीत. येथे लोभ किंवा बेफिकिरी दिसत नाही. एकदा निराश केलेल्या माणसास दुसऱ्यांदा 'परत फिर' असे सांगणे त्या मार्गदर्शकास जड गेले असावे. करुणाही घातक ठरू शकते, ही या प्रसंगातील शोकात्म बाब आहे.

या दुर्घटनेवरील जॉन क्राकौर यांचे 'इनटू थिन एअर' आणि अनातोली बुक्रेव्ह यांचे सहलेखकासह लिहिलेले 'द क्लाइंब' ही दोन्ही पुस्तके १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. मार्गदर्शक असलेले बुक्रेव्ह कृत्रिम प्राणवायूविना चढले आणि आपल्या आरोहकांच्या आधी खाली उतरले, यावर क्राकौर आक्षेप घेतात. मात्र त्याच रात्री वादळात एकट्याने बाहेर पडून बुक्रेव्ह यांनी तिघांना छावणीत आणले, हेही सत्य आहे. लवकर उतरल्यामुळेच हे बळ शिल्लक राहिले, असे 'द क्लाइंब'चे प्रतिपादन आहे. क्राकौर स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, हे त्यांच्या लेखनाचे बलस्थान होय. तथापि, दोन्ही निवेदने वाचलेल्यांची आहेत. मृतांची बाजू मांडणारे कोणी नाही, याचे भान वाचकाने ठेवणे अगत्याचे आहे.

'उंचीवर नीती नसते' हा युक्तिवाद

त्याच वेळी तिबेटच्या बाजूने भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन आरोहक मृत्युमुखी पडले. त्यांच्या जवळून पुढे गेलेल्या जपानी पथकावर आरोप झाले आणि पथकाने ते नाकारले. आठ हजार मीटरवर नीती परवडत नाही, असा युक्तिवादही या वादात पुढे आला. २००६ मध्ये डेव्हिड शार्प हे ब्रिटिश आरोहक मरणासन्न असताना सुमारे चाळीस जण त्यांच्याजवळून गेले, तेव्हा या वादास पुन्हा तोंड फुटले. परंतु त्याच महिन्यात, त्याच मार्गावर, मृत समजून सोडून दिलेले लिंकन हॉल जिवंत आढळताच डॅन मेझर व त्यांच्या साथीदारांनी शिखर सोडून त्यांना वाचविण्यास प्राधान्य दिले. दोन्ही प्रसंगांतील शारीरिक स्थिती सारखी नव्हती. हॉल बोलू शकत होते, तर शार्प जवळजवळ गोठलेले होते. प्रत्येकास वाचविता येतेच असे नाही, हे मान्य करावे लागेल. पण वाचविता येणार नाही हे थांबून, पाहून ठरविणे आणि न पाहता पुढे जाणे यांत मूलभूत फरक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात ढिगाऱ्याखालून आधी कोणास काढावे, हा प्रश्न उभा राहिला होता. तेव्हा निवड कठोर होती, म्हणून नीती संपली असे कोणी म्हटले नाही.

मराठवाड्यातील उदाहरण

औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) प्राध्यापिका मनीषा वाघमारे २०१७ मध्ये प्रतिकूल हवामानामुळे एव्हरेस्ट शिखराच्या सुमारे १७० मीटर खालून परत फिरल्या. मे २०१८ मध्ये त्यांनी शिखर सर केले. या प्रवासाचे वर्णन बहुधा 'अपयशानंतर यश' असे केले जाते. समीक्षेच्या दृष्टीने ही मांडणी सदोष आहे. २०१८ चे यश मिळाले नसते तरीही २०१७ चा निर्णय तितकाच योग्य ठरला असता. शिवाय अशा उंचीवर आरोहक आपल्या एकट्याचा निर्णय घेत नाही. सोबतच्या शेर्पाचा जीवही त्यात गुंतलेला असतो. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार मरण पावले. इतरांच्या शिखरासाठी वाट तयार करणाऱ्या या माणसांना विजयकथांमध्ये क्वचितच स्थान मिळते.

निष्कर्ष

सूर्याजीने दोर कापले ते शत्रूसमोर आणि स्वराज्यासाठी. पर्वत हा शत्रू नव्हे आणि शिखर हे स्वराज्य नव्हे. त्यामुळे रणांगणावरील मूल्य जसेच्या तसे हिमशिखरावर लागू करणे अनुचित ठरते. तेथे परतीचा दोर शाबूत ठेवणे, स्वतःचा आणि सोबत्याचाही, हेच धैर्याचे लक्षण होय. मराठी गिर्यारोहणविषयक लेखनाचे मूल्यमापन करताना लेखक कोठवर चढला याबरोबरच तो कोठून, कोणासाठी आणि कोणास घेऊन परतला, हेही तपासले पाहिजे. महाविद्यालयातून साहसी उपक्रमांसाठी विद्यार्थी पाठविणाऱ्या प्राध्यापकांसाठी हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत कसे होते, यावर पुढच्या वेळी तो परत फिरण्याचे धाडस करील की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.