रक्ताच्या नळीत जेवढं दिसतं: लान्झावेक्किया यांच्या संशोधनाकडे चिकित्सकपणे पाहताना

पीएचडीच्या मुलाखतींचा हंगाम आला की मला हमखास एक प्रश्न येतो. “रोगप्रतिकारशास्त्रात काम करायचंय. उंदरावर करू की माणसाच्या पेशींवर?” विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका शब्दात उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही. त्याऐवजी आज एका शास्त्रज्ञाच्या चाळीस वर्षांच्या कामाकडे पाहूया. त्यात या प्रश्नाचे दोन्ही पैलू सापडतात.

हे शास्त्रज्ञ म्हणजे अँटोनिओ लान्झावेक्किया. इटलीतल्या पाविया इथे वैद्यकीय शिक्षण, मग बालरोग आणि संसर्गजन्य रोगांत विशेष प्रशिक्षण, आणि १९८३ पासून स्वित्झर्लंडच्या बाझल इम्युनॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन. रोश या औषध कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या, तरीही संशोधकांना विषय निवडायचं स्वातंत्र्य देणाऱ्या या संस्थेत येर्ने, कोहलर, टोनेगावा यांच्यासारखी मंडळी काम करून गेली होती. पुढे बेलिन्झोना इथली नवी जैववैद्यक संस्था लान्झावेक्किया यांनी उभी केली. त्या काळात रोगप्रतिकारशास्त्र म्हणजे बहुतांशी उंदीर. एकसारख्या जनुकांचे उंदीर हवे तेवढे मिळतात, हवी ती लस टोचता येते, हवा तो अवयव काढून पाहता येतो. माणसाच्या बाबतीत यातलं काहीच जमत नाही. हातात येते ती रक्ताची एक नळी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. त्या नळीला प्रश्न विचारता यावा म्हणून त्यांनी दरवेळी आधी एक पद्धत तयार केली, हे या माणसाचं मोठेपण. आणि त्यांच्या कामाची मर्यादाही तीच: नळीत जे येत नाही, ते त्यांच्या चित्रातही येत नाही.

सुरुवात १९८५ च्या ‘नेचर’मधल्या निबंधापासून करा. लेखक एकच. प्रश्न असा होता की बी पेशी प्रतिपिंडं बनवते, पण त्यासाठी तिला टी पेशीची मदत लागते. मग नेमक्या त्याच शत्रूला ओळखणारी टी पेशी या बी पेशीला भेटते कशी? त्यांनी धनुर्वाताच्या विषाला ओळखणाऱ्या माणसाच्या बी पेशी आणि त्याच विषाला ओळखणाऱ्या टी पेशी वेगवेगळ्या वाढवल्या. मग दाखवलं की बी पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडाने ते विष पकडते, आत ओढते, त्याचे तुकडे करते आणि टी पेशीला दाखवते. विषाचं प्रमाण अगदी नगण्य असलं तरी हे घडतं. मास्टर्सला असताना आपण हे दोन ओळींत पाठ करतो. निबंध मुळातून वाचा, मग कळेल की त्यात एकही अनावश्यक प्रयोग नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्याने पहिला निबंध हाच वाचावा असं मला वाटतं.

आता १९९४. फेडेरिका सालुस्टो आणि लान्झावेक्किया यांनी दाखवलं की रक्तातल्या मोनोसाइट पेशी जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ या दोन प्रथिनांसोबत वाढवल्या की डेंड्रिटिक पेशींसारख्या पेशी मिळतात. खऱ्या डेंड्रिटिक पेशी रक्तात फारच थोड्या. आता त्या भांड्यात भरभरून मिळू लागल्या, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ही कृती उचलली.

इथे टीकेची पहिली जागा. सोय झाली की शंका मागे पडते. “डेंड्रिटिक पेशींवर प्रयोग केला” असं शेकडो निबंधांत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्या भांड्यात घडवलेल्या पेशी असतात. पुढे कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद याची तुलना झाली, तेव्हा या पेशी लसिकाग्रंथीतल्या डेंड्रिटिक पेशींपेक्षा मोनोसाइट आणि मॅक्रोफेज यांच्या घराण्याला जवळच्या निघाल्या. हा दोष मूळ निबंधाचा नाही, त्याच्या शीर्षकातच ‘वाढवलेल्या पेशी’ असं स्पष्ट म्हटलंय. पुढच्यांनी ते विशेषण गाळलं. तुम्ही गाळू नका.

दुसरी जागा माझ्या जिव्हाळ्याची, कारण तिथे मी स्वतः आपटलेय. १९९९ मध्ये याच गटाने टी स्मृतिपेशींचे दोन प्रकार मांडले. ज्यांच्यावर सीसीआर७ हा ग्राहक आहे त्या लसिकाग्रंथींकडे परततात, त्या ‘मध्यवर्ती’. ज्यांच्यावर तो नाही त्या सूज आलेल्या जागी जाऊन लगेच कामाला लागतात, त्या ‘कार्यकारी’. मांडणी इतकी सुबक की आज फ्लो सायटोमेट्रीचा कुठलाही आलेख चार चौकोनांत कापला जातो तो याच हिशेबाने.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नमुन्यांत मध्यवर्ती पेशी जवळजवळ गायबच झाल्या. मी खूश! रोगामुळे या पेशी नष्ट होतात, अशी एक झकास कल्पना मी तीन आठवडे रंगवली. मग एका सीनियर ताईने सहज विचारलं, “रंग कुठे लावलास, बर्फावर का?” हो, बर्फावरच. सीसीआर७ चा रंग थंडीत नीट बसत नाही, ३७ अंशांवर चांगला बसतो. पुन्हा केलं, पेशी जागच्या जागी होत्या. नष्ट झाली ती फक्त माझी कल्पना.

ही फजिती सांगायचं कारण असं की आपण खुणेलाच पेशी समजायला लागतो. सीसीआर७ ही खूण आहे, पेशीची जात नव्हे. आणि त्याहून मोठा मुद्दा पुढे आहे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी रक्तात असतात साधारण २ टक्के. २००६ मध्ये रेचल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की निरोगी माणसाच्या त्वचेतच सुमारे २० अब्ज टी पेशी असतात, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या जवळजवळ दुप्पट! नंतर कळलं की त्वचा, फुप्फुस, आतडं इथे मुक्काम ठोकून बसलेल्या स्मृतिपेशींचा एक तिसरा मोठा वर्ग आहे. रक्तातून काढलेल्या दोन प्रकारांच्या नकाशात त्यांना जागाच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये डोना फार्बर यांच्या गटाने अवयवदात्यांच्या ऊतींवर काम करून हे चित्र माणसात तपासलं. म्हणजे तिथेही गाडी पुढे गेली ती नवा नमुना मिळवण्याची वाट शोधल्यावरच.

आता प्रतिपिंडांकडे येऊ. एपस्टाइन-बार विषाणूने बी पेशींना अमर करायची युक्ती जुनीच होती, पण फार थोड्या पेशी अमर व्हायच्या. २००४ मध्ये या गटाने त्यात सीपीजी नावाचा डीएनएचा छोटा तुकडा घातला आणि यश कित्येक पटींनी वाढलं. आता बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून त्याच्या स्मृतिपेशी काढून प्रत्येकीचं प्रतिपिंड तपासता येऊ लागलं. पहिला मोठा वापर झाला सार्सवर.

त्यातून पुढे काय निघालं ते बघा. काँगोतल्या किक्विट इथे १९९५ मध्ये इबोलाची साथ आली होती. तिच्यातून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तात दहाहून अधिक वर्षांनीही प्रतिपिंडं होती. त्यातलं एक म्हणजे एमएबी११४. आणि २००३ च्या सार्समधून वाचलेल्या एका व्यक्तीच्या पेशींतून मिळालेलं एस३०९, ज्याच्यापासून कोविडवरचं सोट्रोविमॅब बनलं.

इथे वाचताना सावध राहा. “वाचलेल्याच्या रक्तात सापडलं” म्हणजे “त्यामुळेच वाचला” असं नाही. किक्विटलाच १९९५ मध्ये बऱ्या झालेल्यांचं रक्त ८ रुग्णांना दिलं होतं आणि त्यातले ७ वाचले. आकडा डोळे दिपवणारा, पण तुलनेला गट नव्हता, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. एमएबी११४ चा खरा निकाल लागला काँगोतल्या पाम चाचणीत, २०१९ मध्ये. २८ दिवसांत मृत्यू सुमारे ३५ टक्के, तर तुलनेच्या झीमॅप गटात जवळजवळ ५० टक्के. शरीरात विषाणू कमी असताना उपचार मिळालेल्यांत मृत्यू सुमारे १० टक्के होते, विषाणू जास्त असलेल्यांत सुमारे ७०. म्हणजे औषध चांगलं, पण वेळेवर पोचलं तर.

सोट्रोविमॅबची कथा आणखी बोधप्रद. विषाणूच्या सहसा न बदलणाऱ्या भागाला ते चिकटतं म्हणून निवडलं गेलं. मे २०२१ मध्ये अमेरिकेत आणीबाणीची परवानगी मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये बीए.२ हा उपप्रकार पसरल्यावर तिथला वापर थांबवला. विषाणूने एका वर्षाच्या आत वाट काढली.

आणि पैसा? आपल्याकडे २०२१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचं ‘अँटिबॉडी कॉकटेल’ आलं, तेव्हा एका रुग्णाच्या डोसची किंमत ५९,७५० रुपये होती, आठवतंय ना? एमएबी११४ ज्या देशातल्या माणसाच्या रक्तातून आलं, त्याचे हक्क त्या देशाबाहेरच्या कंपनीकडे गेले. किक्विटच्या त्या व्यक्तीचं नाव निबंधात नाही, आणि गोपनीयतेसाठी ते बरोबरच आहे. पण नमुना देणाऱ्याच्या गावात औषध पोचेल की नाही, हा प्रश्न पद्धतीच्या परिच्छेदात बसत नाही म्हणून तो विज्ञानाबाहेरचा ठरत नाही. माणसाच्या पेशींवर काम करायचं ठरवलंत तर संमतिपत्रावर सही घेताना हा प्रश्न तुमच्यासमोर बसलेला असेल.

तर मग उंदीर की माणूस? लान्झावेक्किया यांचं काम वाचून माझं उत्तर असं: आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. मग लिहा, याचं उत्तर शरीराच्या कुठल्या जागी आहे. ती जागा माणसात गाठता येत असेल, किंवा गाठायची वाट तुम्ही काढू शकत असाल, तर माणूस. नसेल तर उंदीर, आणि त्याची लाज बाळगू नका.

मुलाखतीत “तुमचा आवडता निबंध कोणता?” असं विचारलं तर १९८५ चा सांगा. पण “त्यात काय दिसत नाही?” हा पुढचा प्रश्न येईलच, त्याची तयारी करून जा. आणि हो, सीसीआर७ चा रंग ३७ अंशांवर लावा.